उभी लिपी, आडवे युक्तिवाद

मराठी माणसाचे नोकरीवर प्रेम आहे असे म्हणतात. ज्या शब्दावर हे प्रेम जडले तो शब्द मूळचा कोणाचा, हे मात्र आपण सहसा विचारीत नाही. 'नोकर' फारसीतून आला एवढे सांगून आपण थांबतो. पण फारसीला तो मंगोलांनी दिला. मंगोल भाषेत 'नोकोर' म्हणजे सोबती. आपले कुळ सोडून, स्वेच्छेने, एखाद्या नायकाशी निष्ठा जोडणारा साथी. तेराव्या शतकातल्या 'मंगोलांचा गुप्त इतिहास' ह्या ग्रंथात तेमुजिनचे, म्हणजे पुढच्या चंगीझखानाचे, घोडे चोरीला जातात तेव्हा वाटेत भेटलेला पोरसवदा बोओर्चू बापाला न विचारता त्याच्याबरोबर निघतो आणि पुढे जन्मभर त्याचा नोकोर राहतो. समाजवादी राजवटीत ह्याच शब्दाला 'कॉम्रेड' हा अर्थ चिकटला. आजच्या मंगोल बोलीत त्याचा अर्थ नवरा असाही होतो. आणि आपल्या दारात येईपर्यंत त्याचा पगारी सेवक झाला. 'दरोगा' त्याच वाटेने आला. 'बहादूर'चे मूळही तुर्की-मंगोल 'बगातुर'मध्ये. एवढे सगळे घेऊन आपण त्या लोकांना परत काय दिले, तर 'मोगलाई' हा शब्द, तोही अंदाधुंदी ह्या अर्थाने.

हे सांगण्याचे कारण निराळे आहे. मंगोलियाच्या संसदेने २०१५ साली मंगोल भाषेचा कायदा केला आणि १ जानेवारी २०२५ पासून राज्यकारभार सिरिलिक व पारंपरिक अशा दोन्ही लिपींत चालवावा अशी तरतूद त्यात घातली. मंगोल बिचिग ह्या नावाने ओळखली जाणारी ही पारंपरिक लिपी वरून खाली लिहितात आणि तिच्या ओळी डावीकडून उजवीकडे सरकत जातात. ही मुदत उलटल्यापासून आपल्याकडच्या साहित्यिक चर्चांतून मंगोलियाचे उदाहरण अधूनमधून ऐकू येऊ लागले आहे. ते देणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. एका पंथाला हा स्वाभिमानाचा विजय वाटतो: परक्याची लिपी फेकली, आपली उचलली, आता आपणही काहीतरी उचलावे. दुसऱ्या पंथाला हे भाबडे स्मरणरंजन वाटते: लिपी हा भाषेचा नुसता वेष, सिरिलिकने देश साक्षर झाला, मग हा खटाटोप कशासाठी? पहिल्या पंथात उत्साह अधिक आणि दुसऱ्यात आत्मविश्वास अधिक, एवढाच काय तो फरक. त्या लिपीत काय लिहिले गेले आहे आणि ते वाचणार कोण, हा प्रश्न दोन्हीकडे कोणी विचारताना दिसत नाही. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी तरी तोच प्रथम विचारावा, असा आमचा आग्रह आहे. लिपीचे पुनरुज्जीवन म्हणजे वाचकाचे पुनरुज्जीवन; तो नसेल तर उरतात त्या पाट्या.

दुसऱ्या पंथाचा युक्तिवाद अधिक सभ्य भाषेत मांडला जातो, म्हणून आधी त्याचा समाचार घेऊ. सिरिलिकचा स्वीकार ही जणू एखादी तांत्रिक सुधारणा होती, असे ह्या मांडणीत गृहीत धरलेले असते. ती घडली कधी, हे पाहावे. १९३७ ते १९३९ ह्या वर्षांत चोइबाल्सानच्या राजवटीने, मॉस्कोच्या देखरेखीखाली, आपल्याच देशात जो संहार केला त्यात अंदाजे तीस हजार माणसे मारली गेली. देशाची लोकसंख्या तेव्हा सात-आठ लाख होती. मारल्या गेलेल्यांत लामांची संख्या सर्वांत मोठी होती. पण लेखक, अभ्यासक, जुने अधिकारी, थोडक्यात ज्यांना वाचता-लिहिता येत होते अशी माणसे वेचून काढली गेली. सातशेंहून अधिक मठ होते, त्यांतले बहुतेक पाडले किंवा जाळले गेले. मठांबरोबर त्यांतली ग्रंथालये गेली. आधुनिक मंगोल साहित्याचा जनक म्हणून ज्याचे नाव घेतात तो नात्सगदोर्ज तुरुंगवास भोगून १९३७ साली, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, वारला. हे सारे झाल्यानंतर १९४१ साली आधी लॅटिन लिपीचा निर्णय झाला आणि त्याच वर्षी तो फिरवून सिरिलिकचा झाला, कारण सोव्हिएत संघातल्या इतर भाषांनाही तोवर लॅटिनमधून सिरिलिककडे वळवण्यात आले होते. रशियन वर्णमालेत दोन स्वर वाढवून पस्तीस अक्षरांची लिपी तयार झाली आणि १ जानेवारी १९४६ पासून ती अधिकृत ठरली. म्हणजे आधी वाचणारे गेले, मग पुस्तके गेली, आणि शेवटी लिपी गेली. ह्या क्रमाला सुधारणा म्हणायचे असेल तर म्हणावे. निदान क्रम तरी लपवू नये.

साक्षरतेचे श्रेय मात्र नाकारता येणार नाही, आणि आम्ही ते नाकारीत नाही. विरळ वस्तीच्या, कळपांमागे फिरणाऱ्या लोकांच्या देशात शाळा आणि वसतिगृहे उभारून जवळजवळ सर्वांना वाचायला शिकवणे हे मोठे काम होते. पण ते काम शाळांनी, शिक्षकांनी आणि वसतिगृहांनी केले. अक्षरांच्या आकारांनी केले असे म्हणणाऱ्याने गोबीच्या दक्षिणेला पाहावे. चीनमधल्या अंतर्गत मंगोलियात तीच जुनी उभी लिपी कायम राहिली आणि तिथल्या मंगोल मुलांच्या पिढ्या त्याच लिपीत शिकल्या, त्याच लिपीत त्यांनी कथा-कविता लिहिल्या. लिपी अवघड होती म्हणून टाकली, हे स्पष्टीकरण ह्या एका उदाहरणापुढे टिकत नाही.

आता वेषाच्या उपमेकडे येऊ. ही उपमा आपल्याकडे इतकी रुळली आहे की ती उपमा आहे हेच आपण विसरलो आहोत. जुनी मंगोल लिपी उच्चाराप्रमाणे लिहीत नाही, ही तिच्याविरुद्धची मुख्य तक्रार. ती खरी आहे. आज 'ऊल' म्हणजे डोंगर असे म्हणतात, पण लिहिताना 'अगुला' असे लिहितात. राजधानीचे नाव उच्चारात उलानबातर. जुन्या लिपीत ते 'उलगान बगातुर', लाल वीर. त आणि द ह्यांना एकच खूण, ओ आणि उ ह्यांनाही एकच. शिकणाऱ्याला हे जड जाते. पण ह्या जडपणातच भाषेचा कित्येक शतकांचा इतिहास साठवलेला आहे. 'बातर' पाहून कोणाला 'बहादूर' आठवणार नाही. 'बगातुर' पाहिले की मराठी वाचकालाही तो ओळखीचा वाटतो. शिवाय खाल्खा, चाखार, ओर्दोस, बुरियात अशा बोली बोलणारे लोक ही एकच लिपी आपापल्या उच्चाराने वाचू शकत. सिरिलिकने खाल्खा बोलीचा उच्चार प्रमाण मानून लिहिला आणि बाकीच्यांना बाहेर ठेवले. बुरियातांसाठी सोव्हिएत संघात निराळी सिरिलिक झाली, वोल्गेकाठच्या काल्मिकांसाठी आणखी निराळी. एका लिपीने जोडलेल्या वाचकांचे तीन देशांत तुकडे झाले. वेष बदलल्याने माणूस शेजाऱ्याला ओळखेनासा होत नाही. इथे नेमके तेच झाले.

आपल्याकडे १९६२ साली साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. तेवढ्यानेही आजच्या विद्यार्थ्याला हरिभाऊ आपट्यांची जुनी आवृत्ती हातात घेतली की 'नांव', 'कोठें' पाहून अडखळायला होते, हे वर्गात शिकवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. एका टिंबाची ही कथा. तिथे सबंध लिपी गेली.

आणि तिच्याबरोबर काय गेले, हे मराठी वाचकाला तर विशेष कळावे. त्या लिपीतल्या हस्तलिखितांत 'अर्जी बोर्जी खान' ह्या नावाची कथामाला आहे. हा अर्जी बोर्जी म्हणजे आपला राजा भोज आणि ती कथामाला म्हणजे आपली सिंहासनबत्तिशी. 'शिद्दी कूर' नावाची दुसरी एक आहे. कूर म्हणजे प्रेत आणि शिद्दी म्हणजे सिद्धी: ही वेताळपंचविशी. ह्या कथा तिबेटमार्गे गेल्या, स्टेपवरच्या तंबूंत रमल्या आणि सांगता सांगता मंगोल झाल्या. वारांची जुनी नावे पाहावीत: अद्या, सुम्या, अंगारग, बुद, बर्खस्बद, सुगर, सान्चिर. आदित्यापासून शनैश्चरापर्यंत सारे ग्रह तिथे हजर आहेत. मंगोल भाषेतला कांजूर १०८ खंडांचा. कांग्शी सम्राटाच्या काळात, १७१७ ते १७२० ह्या वर्षांत, बीजिंगमध्ये तो छापला गेला. विसाव्या शतकात लोकेश चंद्र ह्यांनी १९७० च्या दशकात तो नव्या दिल्लीतून पुन्हा प्रसिद्ध केला, अर्थात त्याच उभ्या लिपीत. दिल्लीत हे खंड छापले जात होते तेव्हा उलानबातरच्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या सामान्य विद्यार्थ्याला त्यांतली एक ओळ वाचता आली नसती. ही वस्तुस्थिती ज्यांना वेषांतर वाटते, त्यांच्याशी वाद कोठून सुरू करावा हे आम्हांस कळत नाही.

ह्यावर एक चतुर आक्षेप येतो. मंगोलांचा आद्य ग्रंथ असा जो 'गुप्त इतिहास', तो मुळात मंगोल लिपीत उरलाच नाही. तो टिकला चिनी चित्राक्षरांत. मिंग काळात दुभाष्यांना मंगोल शिकवण्यासाठी मंगोल ध्वनी चिनी अक्षरांनी लिहून काढले गेले, आणि तेवढ्यामुळे ग्रंथ वाचला. मग लिपीचे एवढे काय? आक्षेप चतुर आहे, पण तो उलटा लागू होतो. चिनी अक्षरांत कोंडलेला हा ग्रंथ सामान्य मंगोल वाचकाला कित्येक शतके वाचता आला नाही. त्याचा बराचसा भाग लुव्सनदान्झान ह्याच्या 'अल्तन तोब्ची' ह्या बखरीत जुन्या लिपीत उतरला होता. ती प्रत १९२६ साली हाती लागली. आधुनिक मंगोल वाचकापर्यंत तो पोचला १९४७ साली, दाम्दिनसुरेन ह्यांच्या रूपांतरामुळे. परक्या लिपीत ग्रंथ टिकतो, हे खरे. तो वाचला मात्र जात नाही.

दाम्दिनसुरेन हे नाव निघाले म्हणून थोडे थांबतो, कारण ह्या वादाचे खरे नाट्य दोन माणसांत आहे. त्सेंदीन दाम्दिनसुरेन (१९०८–१९८६) हे कवी, कथाकार आणि भाषाशास्त्रज्ञ. सिरिलिक मंगोलची लेखनपद्धती बसवण्यात त्यांचा वाटा सर्वांत मोठा. ब्याम्बीन रिंचेन (१९०५–१९७७) हे दुसरे. कादंबरीकार, अनुवादक, लोकविद्येचे आणि व्याकरणाचे पंडित. त्यांनी सिरिलिकला विरोध केला आणि जुन्या लिपीचा कैवार कधी सोडला नाही. (रिंचेन हा तिबेटी शब्द, अर्थ रत्न. मंगोलांत रत्नाला 'एर्देने' असाही शब्द आहे, आणि तोही मूळचा संस्कृत 'रत्न'च.) १९३७ च्या धरपकडीत ते पकडले गेले आणि काही वर्षे तुरुंगात होते. आपल्याकडची सोपी मांडणी अशी होईल की रिंचेन राष्ट्रभक्त आणि दाम्दिनसुरेन परक्यांचा हस्तक. ती खोटी आहे. ज्या दाम्दिनसुरेन ह्यांनी नवी लिपी बसवली त्यांनीच 'गुप्त इतिहास' लोकांच्या हाती दिला, आणि जुन्या मंगोल साहित्याचा 'शंभर रत्नां'चा त्यांचा मोठा संकलनग्रंथ १९५९ साली प्रसिद्ध झाला तो जुन्याच लिपीत. आपण बांधलेल्या नव्या घरात जुने सामान मावत नाही, हे त्यांना इतर कोणाहूनही अधिक ठाऊक असले पाहिजे. पंचतंत्राच्या आणि रामायणाच्या मंगोल रूपांचा शोध घेत हा माणूस पुढेही जुन्या पोथ्यांतच वावरला. नव्या लिपीचा शिल्पकारच जुन्या लिपीवाचून काम करू शकत नाही, ह्याहून वेगळा पुरावा आणखी काय हवा?

इथवर वाचून पहिल्या पंथाचे लोक खूश झाले असतील. त्यांच्यासाठी फाग्स-पाची गोष्ट सांगतो. कुबलाईखानाला आपल्या साम्राज्यातल्या सगळ्या भाषांसाठी एकच लिपी हवी होती. त्याच्या आज्ञेवरून तिबेटी लामा फाग्स-पा ह्याने चौकोनी अक्षरांची एक लिपी रचली आणि १२६९ साली राजाज्ञेने ती लागू झाली. ब्राह्मीच्याच वंशातली, ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने जुन्या लिपीहून कितीतरी काटेकोर. पाठीशी त्या काळातला पृथ्वीवरचा सर्वांत बलाढ्य सम्राट. ती मोहरांवर उमटली, नाण्यांवर उमटली, परवान्यांवर आणि शिलालेखांवर उमटली. लोक मात्र पत्रे लिहीत राहिले उइघुरांकडून घेतलेल्या जुन्या उभ्या लिपीत, आणि युआन घराणे गेले तसा फाग्स-पा लिपीचा राज्यकारभारातला वापरही संपला. पुढे झाया पंडिताने १६४८ साली ओइरातांसाठी 'तोदो बिचिग', म्हणजे स्पष्ट लिपी, केली. ती ओइरातांनी आणि काल्मिकांनी मनापासून उचलली, कारण तिच्यात त्यांना हवी ती पुस्तके आली. झनाबाझारने १६८६ साली 'सोयोम्बो' लिपी केली. सोयोम्बो म्हणजे आपले स्वयंभू. तिचे एक चिन्ह आज मंगोलियाच्या ध्वजावर आहे. ध्वज सगळे ओळखतात, लिपी मूठभरांना येते. मंगोलांनी लिप्या पुष्कळ बदलल्या, असे जे म्हणतात त्यांनी एवढे लक्षात घ्यावे की विसाव्या शतकापूर्वीच्या नव्या लिप्या जुनीच्या शेजारी येऊन बसल्या, तिच्या जागी नव्हेत. आणि जे फर्मानाने लिपी परत आणू पाहतात त्यांनी फाग्स-पाचे काय झाले ते विसरू नये.

फर्मान ह्या वेळचेही पहिले नाही. १९९० च्या लोकशाही क्रांतीनंतर लगेच, १९९१ साली, सरकारने ठरवले की १९९४ पासून सर्व सरकारी कामकाज जुन्या लिपीत चालेल. ते झाले नाही. शिक्षक नव्हते, पुस्तके नव्हती, पैसा तर अजिबात नव्हता. सोव्हिएत मदत थांबली होती आणि लोक भाकरीच्या रांगेत उभे होते. त्याचा दोष आम्ही कोणाला देत नाही. पण त्यानंतरच्या वर्षांत ज्याला पुनरुज्जीवन म्हटले गेले त्यात देखावा किती होता हे पाहिलेच पाहिजे. १९२५ साली कुळनावे बंद केली गेली होती. ती परत आणायचे ठरले तेव्हा असंख्य लोकांनी चंगीझखानाचे 'बोर्जिगिन' हेच कुळ निवडले. पिढीजात मेंढपाळांचा देश कागदोपत्री राजवंशीयांचा झाला. १९६२ साली चंगीझखानाच्या जन्माच्या आठव्या शताब्दीचा उत्सव करू पाहणाऱ्या तोमोर-ओचिर ह्या नेत्याला पक्षाने पदावरून दूर केले होते. २००८ साली त्याच चंगीझचा चाळीस मीटर उंचीचा पोलादी अश्वारूढ पुतळा राजधानीबाहेर उभा राहिला, आणि त्याच्या नावाची व्होडकाही मिळते. मोरिन खूर, दीर्घ गान, खूमी ही सारी युनेस्कोच्या याद्यांत गेली. खूमीच्या बाबतीत तर चीनने २००९ साली आणि मंगोलियाने २०१० साली आपापली नोंद करून घेतली. यादीतल्या एका नोंदीकडे मात्र आमचे लक्ष वेधले गेले. २०१३ साली मंगोल सुलेखनकला 'तातडीने रक्षण हवे' अशा वारशांत घातली गेली. सुलेखनकला! जी लिपी रोज कोणी लिहीत नाही तिची कला कशी टिकेल? मोडक्या खाटेला नक्षी करण्यातला हा प्रकार आहे.

देखाव्याचे आम्हांला एवढे वावडे का, असे कोणी विचारील. उत्तर गोबीच्या दक्षिणेस आहे, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. मंगोलियाची लोकसंख्या सुमारे पस्तीस लाख. अंतर्गत मंगोलियातले मंगोल चाळीस लाखांच्या वर. लिपी तिथे कधी तुटलीच नाही. 'नील बखर' लिहिणारा एकोणिसाव्या शतकातला कादंबरीकार इंजनाश तिथलाच. चीनच्या प्रत्येक नोटेच्या मागच्या बाजूला ही उभी लिपी आजही छापलेली असते. तिबेटी, उइघुर आणि ज्वांग ह्यांच्या पंक्तीत. सरकारी पाट्यांवर ती असते, दुकानांच्या फलकांवर असते. लिपी दिसण्यानेच भाषेचे रक्षण होत असेल तर मंगोल भाषा तिथे सर्वांत सुरक्षित असायला हवी. ऑगस्ट २०२० मध्ये जाहीर झाले की सप्टेंबरपासून मंगोल शाळांत भाषा-साहित्य हा विषय राष्ट्रीय पाठ्यपुस्तकातून, चिनीत शिकवला जाईल. त्यापुढच्या दोन वर्षांत राज्यशास्त्र आणि इतिहास ह्यांचीही पाळी होती. मंगोल भाषेचा तास तेवढा राहील असे सांगण्यात आले. हजारो पालकांनी मुले घरी ठेवली, निदर्शने झाली, धरपकड झाली. मंगोल लिपीत गप्पा मारण्याची सोय असलेले 'बैनू' हे संपर्काचे साधन त्याच ऑगस्टमध्ये बंद पाडण्यात आले. नोटेवरची लिपी कोणी काढली नाही. काढण्याची गरजच नव्हती, कारण नोटेवरच्या लिपीत कोणी कोणाशी बोलत नाही. जिथे माणसे ती लिहीत होती, वाचत होती, तिच्यात भांडत होती, ते 'बैनू' आणि तो वर्ग बरोबर हेरले गेले. लिपीत जीव कोठे असतो हे मारणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. आपल्या उत्सवप्रिय मित्रांना ते अजून उमगायचे आहे.

म्हणून उलानबातरमधल्या नव्या कायद्याकडे पाहताना आम्ही शिक्क्यांची आणि पत्रशीर्षांची मोजदाद करणार नाही. चौकशी करू ती अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींची. त्यांतली एक संगणकाची. युनिकोडमध्ये मंगोल लिपी १९९९ सालीच आली, पण ती आकारांप्रमाणे न घेता ध्वनींप्रमाणे घेतली गेली. एकाच खुणेचे ओ आणि उ असे दोन संकेतांक. पडद्यावर दोन्ही सारखेच. परिणाम असा की दिसायला तंतोतंत सारखा शब्द दोघांनी दोन प्रकारे टंकलेला असतो आणि शोधयंत्राला तो सापडत नाही. त्यात ओळी उभ्या. अनेक ठिकाणी त्या आडव्या पाडूनच दाखवल्या जातात. देवनागरीच्या जोडाक्षरांनी ज्यांना एके काळी रडवले आहे त्यांना ह्या यातना समजतील. हे दुरुस्त करायला ना भाषणे लागतात ना पुतळे. लागतात ती चिकाटीने काम करणारी चार माणसे आणि त्यांना पोसणारी एखादी संस्था. कायद्यातल्या कलमापेक्षा ह्या कामावर लिपीचे भवितव्य अधिक अवलंबून आहे, असे आम्हांस वाटते.

जाता जाता मोडीबद्दल, कारण मंगोलियाचे नाव निघाले की पाठोपाठ मोडीचे निघते. ही तुलना बंद व्हावी हे बरे. मोडी ही मुख्यतः पत्रव्यवहाराची, हिशेबाची, दप्तराची लिपी होती. साहित्य बाळबोधीत लिहिले जाई आणि छपाई आल्यावर ते बाळबोधीतच छापले गेले. मोडी गेल्याने ज्ञानेश्वरी किंवा तुकोबांची गाथा मराठी वाचकापासून दुरावली नाही. गेले ते दप्तर: रुमालांत बांधलेले लाखो कागद, जे वाचणारे थोडे उरले आहेत. ते नुकसान मोठे आहे आणि त्यासाठी मोडी शिकवलीच पाहिजे. पण तो इतिहाससंशोधनाचा प्रश्न आहे. मंगोलांचे तसे नाही. १९४६ नंतर शाळेत गेलेल्या मंगोल वाचकाला त्याचे स्वतःचे अभिजात साहित्य, नात्सगदोर्जची पहिली छापील पानेसुद्धा, कोणीतरी लिप्यंतर करून दिल्याशिवाय वाचता येत नव्हते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याचे पेढे वाटताना ज्यांनी मोडीतल्या पाट्यांची मागणी केली, त्यांनी पाटीऐवजी एखादा रुमाल सोडून वाचावा.

मंगोलियातल्या शाळांत माध्यमिक वर्गांपासून जुनी लिपी शिकवतात. शिकणारा मुलगा परीक्षेपुरती अक्षरे गिरवतो आणि पुढे घरी, बाजारात, फोनवर सिरिलिक वापरतो. त्याच्या हाती त्या लिपीत नवी कादंबरी पडते का, वर्तमानपत्र पडते का, इंजनाशचे एखादे प्रकरण त्याच्या पाठ्यपुस्तकात मूळ रूपात आहे का, शिक्षक फळ्यावर वरून खाली लिहितो की लिप्यंतर सांगून मोकळा होतो? मंगोलियाचे उदाहरण देण्यास जो कोणी पुढच्या चर्चासत्रात उभा राहील त्याला हे प्रश्न विचारावेत. आणि चर्चासत्र साहित्य विभागाचे असेल तर आणखी एक: विश्वसाहित्याच्या आपल्या अभ्यासक्रमांत होमर आहे, दांते आहे, अधूनमधून जपानी हायकूही आहेत. 'गुप्त इतिहासा'तला बोओर्चू घोड्यावर स्वार होऊन निघतो ते प्रकरण तिथे कधी लावणार?